पदवी स्तरावरील दुहेरी मुख्य विषय : खर्च, लाभ आणि निवडीची कसोटी (देवनार परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

सारांश

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषय, दुय्यम विषय आणि दुहेरी मुख्य विषय अशा निवडी विद्यार्थ्यांसमोर आल्या आहेत. दुहेरी मुख्य विषय म्हणजे ‘दोन पदव्या’ किंवा ‘दुप्पट संधी’ असा समज अनेकदा आढळतो. प्रस्तुत लेखात या पर्यायाची संकल्पना, मुंबई विद्यापीठातील त्याची पूर्वपीठिका, श्रेयांकांच्या रूपाने पडणारा त्याचा भार आणि त्यापासून होणारा लाभ यांची मांडणी केली आहे. देवनारसारख्या परिसरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने हा निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावा, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दुहेरी मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, संधी खर्च, देवनार

१. प्रस्तावना

बारावीचा निकाल लागल्यानंतर पदवीच्या प्रवेशअर्जावर विषयांच्या रकान्यांत जे लिहिले जाते, त्याचा परिणाम पुढील अनेक वर्षे राहतो. हा निर्णय घेणारा विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असतो. घरात पदवीपर्यंत शिकलेले कोणी असेल तर त्याला विचारण्याजोगे माणूस मिळते. तसे कोणी नसेल, तर प्रवेशाच्या खिडकीपाशी मिळणारी अर्धवट माहिती आणि आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे ऐकीव अनुभव यांवरच त्याला विसंबावे लागते.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार हा भाग या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या राष्ट्रीय पातळीवरील दोन उच्च शिक्षण संस्था येथे एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्याच वेळी देवनार ज्या ‘एम पूर्व’ महापालिका विभागात मोडते, त्या विभागाचा मानव विकास निर्देशांक मुंबई मानव विकास अहवाल २००९ मध्ये ०.०५ इतका, म्हणजे शहरातील सर्व विभागांत सर्वांत कमी नोंदविला गेला होता. उच्च शिक्षणाची दारे इतकी जवळ आणि त्या दारांपर्यंत नेणारी वाट मात्र इतकी अवघड, असा हा परिसर आहे. येथील विद्यार्थ्याच्या हाती वेळ आणि पैसा बेताचाच असल्यामुळे विषयनिवडीतील चूक त्याला अधिक महागात पडते.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) दुहेरी मुख्य विषय आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या पर्यायांतील भेद स्पष्ट करणे.
२) दुसऱ्या मुख्य विषयाचा श्रेयांक व तास यांच्या परिमाणात हिशेब मांडणे.
३) या पर्यायाचा लाभ कोणत्या परिस्थितीत होतो, हे तपासणे.
४) विद्यार्थी व पालक यांना वापरता येईल अशी निवडीची कसोटी सुचविणे.

लेखाची व्याप्ती प्रामुख्याने कला व विज्ञान शाखेच्या पदवी शिक्षणापुरती मर्यादित आहे. लेखातील विद्यार्थ्यांची उदाहरणे विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेली आहेत.

३. संकल्पना आणि मिळतेजुळते पर्याय

ज्या विषयात विद्यार्थी पदवीसाठी सर्वाधिक अभ्यास करतो तो त्याचा मुख्य विषय होय. त्याला पूरक म्हणून कमी प्रमाणात अभ्यासलेला विषय दुय्यम विषय ठरतो. दुसऱ्या विषयाचा अभ्यास ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आणि विद्यापीठाने त्यास तशी मान्यता दिली, तर ती पदवी दुहेरी मुख्य विषयांची होते. येथे पदवी एकच असते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पदवी प्रमाणपत्र एक, विषय मात्र दोन, असे तिचे स्वरूप असते.

याहून जोडपदवी ही वेगळी गोष्ट आहे. बिट्स पिलानीच्या गोवा येथील परिसरात विज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि अभियांत्रिकीची पदवी यांचा एकत्रित पाच वर्षांचा मार्ग उपलब्ध आहे. तेथे पूर्ण पदव्याच दोन मिळतात. तिसरा पर्याय दोन स्वतंत्र अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दोन्ही अभ्यासक्रमांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करता येतात. किंवा एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने पूर्ण करता येतो. दिवसा महाविद्यालयात शिकून दूरस्थ शिक्षण देणाऱ्या विद्यापीठातून दुसरी पदवी घेण्याचा मार्ग यामुळे खुला झाला.

मुख्य आणि दुय्यम विषयांची ही परिभाषा अमेरिकन विद्यापीठांतून आली. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या आपल्या दीर्घ कारकिर्दीत विद्यार्थ्यांना विषयनिवडीचे मोठे स्वातंत्र्य दिले. त्यातून अभ्यास विस्कळीत होतो, असा आक्षेप पुढे घेण्यात आला आणि त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांच्या काळात एका विषयावर भर व इतर विषयांचा परिचय, अशी व्यवस्था रूढ झाली. सखोलता आणि विस्तार यांच्यातील हा समतोल म्हणजेच मुख्य विषयाच्या कल्पनेचा गाभा होय. दुहेरी मुख्य विषयात या समतोलाला दोन्ही बाजूंनी ताण बसतो. विद्यार्थ्याला सखोलता दोन ठिकाणी हवी असते आणि उपलब्ध वर्षे मात्र तेवढीच असतात.

४. मुंबई विद्यापीठातील ‘तीन अधिक तीन’

दुहेरी मुख्य विषयाची कल्पना मुंबईत नवी नाही. मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेत तृतीय वर्षाला एकाच विषयाचे सहा पेपर घेण्याचा किंवा दोन विषयांचे प्रत्येकी तीन पेपर घेण्याचा पर्याय दीर्घकाळ उपलब्ध होता. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्यास ‘सहा पेपर’ आणि ‘तीन-तीन’ असे म्हटले जाई. अर्थशास्त्राचे सहा पेपर घेतलेला विद्यार्थी आणि अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचे तीन-तीन पेपर घेतलेला विद्यार्थी असे दोघेही कला शाखेचे पदवीधर होत. दोघांच्या पेपरांची एकूण संख्या मात्र समानच राही.

जुन्या पद्धतीतील ही बाब महत्त्वाची आहे. त्या काळी दुहेरी मुख्य विषय घेतल्याने विद्यार्थ्यावर अभ्यासाचा अधिक भार पडत नसे. त्याची किंमत पहिल्या विषयातील सखोलतेच्या रूपाने चुकवावी लागे. सहा पेपरांतून शिकता येणाऱ्या विषयाचा अर्धाच भाग हाती येई आणि उरलेल्या भागाची उणीव पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी जाणवे. प्रवेशासाठी तीन पेपर पुरेसे की सहा आवश्यक, हे विषयागणिक व विद्यापीठागणिक वेगळे असे. ज्याला शिक्षकी पेशात जायचे असे त्याला मात्र ‘तीन-तीन’ सोयीचे ठरे. बी.एड. साठी दोन विषयांच्या अध्यापन पद्धती निवडाव्या लागत आणि शाळेत दोन विषय शिकवू शकणाऱ्या शिक्षकाची गरज नेहमीच असे.

नव्या श्रेयांक पद्धतीत हा व्यवहार बदलला आहे. सखोलतेत कपात करण्याऐवजी दुसऱ्या विषयासाठी अधिक श्रेयांक मिळविणे येथे अपेक्षित आहे. त्यामुळे ज्यांनी ‘तीन-तीन’ घेऊन पदवी मिळविली त्या मागील पिढीतील नातेवाइकांचा सल्ला आजच्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

५. श्रेयांकांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाचा अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक ठरविण्यात आले. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयासाठी किमान ६०, दुय्यम विषयासाठी २४, बहुविद्याशाखीय अभ्यासासाठी ९, भाषा व क्षमता संवर्धनासाठी ८, कौशल्य विकासासाठी ९, मूल्यवर्धित अभ्यासासाठी ६ ते ८ आणि उन्हाळी प्रशिक्षणासाठी २ ते ४ अशी ही विभागणी आहे. दुहेरी मुख्य विषयासाठी दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के श्रेयांक आवश्यक मानले आहेत. ही संख्या तीन वर्षांच्या पदवीत ४८ आणि चार वर्षांच्या पदवीत ६४ होते.

आता पहिल्या विषयाचे ६० श्रेयांक कायम ठेवून बेरीज केली, तर दोन्ही मुख्य विषयांचे १०८ श्रेयांक होतात. दुय्यम विषय वगळता उरलेल्या घटकांची किमान बेरीज ३४ आहे. एकूण १४२. म्हणजे तीन वर्षांच्या किमान १२० श्रेयांकांपेक्षा २२ श्रेयांक अधिक मिळवावे लागतील. चार वर्षांच्या पदवीत हीच बेरीज ८० अधिक ६४ अधिक ३४, म्हणजे १७८ होते. तेथे किमान मर्यादेहून १८ श्रेयांक अधिक लागतात.

महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालये व विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अमलात आले. राज्याच्या रचनेत सत्राला २० ते २२ श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६ श्रेयांक धरले आहेत. घटकांची नावे व वाटणी केंद्रीय आराखड्याहून काहीशी निराळी असल्यामुळे वरील बेरीज दिशादर्शक मानावी. तरीही तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. १४२ हा आकडा तीन वर्षांच्या कमाल मर्यादेच्या बराच बाहेर जातो, तर १७८ हा आकडा चार वर्षांच्या कमाल मर्यादेच्या अगदी लगत आहे. दुहेरी मुख्य विषय हा स्वभावतः चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आहे. तीन वर्षांत पदवी पूर्ण करून नोकरीस लागण्याचे ज्याने ठरविले आहे, त्याच्यासाठी तो मुळातच अडचणीचा आहे.

श्रेयांक ही कागदावरील संख्या वाटते. परंतु तिचे रूपांतर तासांत करता येते. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास सत्रात १५ तास लागतात आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास. वरील २२ श्रेयांक म्हणजे केवळ व्याख्यानांचे ३३० तास होत. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात स्वयंअध्ययनासह एका श्रेयांकामागे एकूण ३० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे. त्या मापाने हा भार ६६० तासांवर जातो. देवनारमधील एखादी विद्यार्थिनी संध्याकाळी रोज तीन तास लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवीत असेल, तर ६६० तास म्हणजे तिच्या कामाचे २२० दिवस. गोवंडी किंवा मानखुर्द स्थानकावरून हार्बर मार्गाने जाण्यायेण्यात खर्च होणारा वेळ यात धरलेला नाही. घरात पाणी भरणे, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची देखभाल ही कामे मुलींच्या वाट्याला अधिक येतात, हेही हिशेबात घेतले पाहिजे.

एखादा पर्याय स्वीकारताना जो दुसरा पर्याय सोडावा लागतो, त्याच्या मूल्यास अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ म्हणतात. महाविद्यालयाचे शुल्क पावतीवर दिसते, संधी खर्च मात्र कोणत्याही पावतीवर दिसत नाही. म्हणूनच विषयनिवडीच्या वेळी तो विसरला जातो.

६. लाभ : ज्ञान आणि संकेत

शिक्षणाच्या आर्थिक लाभाविषयी दोन प्रमुख विचार मांडले जातात. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात शिक्षण ही कौशल्यातील गुंतवणूक मानली. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार पदवी हा नोकरी देणाऱ्यास मिळणारा संकेत असतो. उमेदवार चिकाटीने अवघड काम पूर्ण करू शकतो, एवढे तो संकेत सांगतो. दुसरा मुख्य विषय यांपैकी काय देतो, हा प्रश्न प्रत्येक विषयजोडीबाबत स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

अमेरिकेतील पदवीधरांच्या २००३ च्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित आपला अभ्यास ॲलिसन डेल रॉसी आणि जोनी हर्श यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. कला किंवा सामाजिक शास्त्राच्या जोडीला व्यवसाय, अभियांत्रिकी वा विज्ञानाचा विषय घेतलेल्यांची मिळकत केवळ कला विषय घेतलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. परंतु व्यवसाय किंवा अभियांत्रिकी हा एकच विषय घेतलेल्यांच्या तुलनेत हा लाभ सामान्यतः उरत नाही, असेही त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की मिळकतीतील वाढ बव्हंशी मागणी असलेल्या त्या एका विषयामुळे होती. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा मुद्दा पुढे आणला. एका क्षेत्रात मंदी आली तर दोन विषयांच्या पदवीधराचे उत्पन्न तुलनेने कमी हेलकावे खाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दोन विषय एकमेकांपासून जितके दूरचे, तितका हा आधार अधिक.

हे अभ्यास अमेरिकेतील आहेत आणि तेथील श्रमबाजार महाराष्ट्राहून निराळा आहे. तरी त्यांतील तर्क येथेही उपयोगी पडतो. एकमेकांना लागून असलेले दोन विषय घेतल्यास नवे कौशल्य थोडेच मिळते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने इतिहास हा दुसरा मुख्य विषय घेतला तर त्याचे वाचन समृद्ध होईल. पण लेखन, संदर्भशोध व विश्लेषण ही कौशल्ये त्याला पहिल्या विषयातूनही मिळालीच असती. समाजशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र घेतल्यास मात्र त्याच्या हाती दुसरेच साधन येते. स्पर्धा परीक्षांच्या संदर्भातही ही बाब तपासावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही विषयाची पदवी चालते. तेथे दुसऱ्या मुख्य विषयामुळे पात्रतेत भर पडत नाही. अभ्यासाचा वेळ मात्र घटतो.

७. दोन क्षेत्रे आत्मसात करण्याचे तीन मार्ग

दोन ज्ञानक्षेत्रांत काम करण्यासाठी पदवीवर दोन विषयांची नावे असणे कितपत आवश्यक आहे, हे महाराष्ट्र व गोव्याच्या विद्यापरंपरेतील तीन उदाहरणांवरून पाहता येते.

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम.ए. होताना अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि त्यासोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला. १९१६ मध्ये लंडनला गेल्यावर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी सुरू केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना दोन्ही अपुरे टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले; १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि याच काळात बॅरिस्टर ही पदवी त्यांनी मिळविली. अर्थशास्त्राने त्यांना विश्लेषणाची पद्धती दिली, तर बॅरिस्टरीने स्वतंत्र उपजीविकेचा परवाना दिला. एका अभ्यासाने जे मिळाले ते दुसऱ्याने मिळणे शक्य नव्हते. त्यांच्यासारख्या असामान्य विद्यार्थ्यालाही शिष्यवृत्तीची मुदत अडवू शकली, हा या उदाहरणातील दुसरा धडा आहे.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२६ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात १९२८ मध्ये एम.ए. आणि पुढे बर्लिन येथे मानवशास्त्रात डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी विषय एकाच वेळी न घेता एकामागून एक घेतले.

तिसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात व टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. वापरातील नाणी झिजतात आणि त्यांचे वजन घटत जाते, या साध्या निरीक्षणाला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली. हजारो आहत नाण्यांची वजने तपासून त्यांच्या कालक्रमाचा विचार त्यांनी केला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवे वळण दिले. त्यांच्याजवळ इतिहासाची औपचारिक पदवी नव्हती.

एकाच वेळी, एकामागून एक आणि पदवीविना, असे हे तीन मार्ग होत. अर्थात, पदवीविना मान्यता मिळविण्यासाठी लागणारी प्रतिष्ठा व साधने प्रत्येकाजवळ नसतात. वकिली, अध्यापन किंवा संशोधन संस्थेतील प्रवेश यांसाठी कागदोपत्री पात्रता लागतेच. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की आपल्याला हवे असलेले दार कागदाने उघडते की कौशल्याने?

८. देवनारमधील दोन दारे

हा प्रश्न देवनारमध्ये प्रत्यक्ष समोर उभा राहतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची स्थापना १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय म्हणून झाली. १९४४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारच्या परिसरात आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९८५ मध्ये अभिमत विद्यापीठ बनली.

दोन्ही संस्थांच्या पदव्युत्तर प्रवेशाची धारणा तुलनेने पाहण्यासारखी आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचे दार कोणत्याही विद्याशाखेच्या पदवीधरास खुले राहत आले आहे. तेथे इतिहासाचा पदवीधर आणि रसायनशास्त्राचा पदवीधर एकाच रांगेत उभे राहतात. लोकसंख्या विज्ञान संस्थेतील जैवसंख्याशास्त्राशी निगडित अभ्यासक्रम मात्र गणित किंवा संख्याशास्त्राची पार्श्वभूमी मागतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला पहिल्या संस्थेत समाजकार्य शिकायचे असेल, तर दुसरा मुख्य विषय तिच्या पात्रतेत काहीच भर घालणार नाही. त्यावर खर्च होणारे ६६० तास प्रवेश परीक्षेची तयारी, एखाद्या वस्तीपातळीवरील संस्थेत प्रत्यक्ष काम आणि इंग्रजी वाचनाचा सराव यांसाठी दिल्यास तिला अधिक लाभ होईल. तिला दुसऱ्या संस्थेतील संख्याशास्त्रीय अभ्यासक्रमाकडे जायचे असेल, तर परिस्थिती उलट होते. संख्याशास्त्राचा औपचारिक अभ्यास नसेल तर तिचा अर्ज पात्रतेच्या पायरीवरच थांबेल. आवश्यक तेवढे पेपर दुय्यम विषयातून मिळतात की मुख्य विषयच लागतो, हे त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेतून पाहावे. पात्रतेचे नियम वर्षागणिक बदलत असल्याने ही खात्री स्वतः करून घेणे अगत्याचे आहे.

दोन विषयांची सांगड कामाच्या पातळीवर कशी उपयोगी पडते, याचे उदाहरणही येथेच मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने होत आली आहे. अशा पाहणीसाठी नमुना कसा निवडावा, हे संख्याशास्त्र सांगते. एखाद्या स्त्रीला तिच्या आरोग्याविषयी कोणत्या शब्दांत, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणत्या क्रमाने प्रश्न विचारावेत, हे समाजाच्या जाणकारीतून कळते. यांपैकी एक बाजू कच्ची राहिली तर पाहणी फसते. टाटा संस्थेने २०११ मध्ये हाती घेतलेल्या ‘एम वॉर्ड’ प्रकल्पासारख्या कामातही आकडेवारी आणि वस्तीतील अनुभव या दोहोंची गरज असते. देवनारमध्ये वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ दुसरी बाजू बहुधा जन्मजात असते. त्याने पहिल्या बाजूचे शिक्षण घेतले, तर त्याची जोडी खऱ्या अर्थाने पूर्ण होते.

९. निवडीची कसोटी

वरील विवेचनाच्या आधारे विद्यार्थ्याने अर्ज भरण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात लिहून काढावीत.

पहिला प्रश्न पात्रतेचा. दुसऱ्या मुख्य विषयाशिवाय बंद राहील असे कोणते दार आहे? त्या दाराचे, म्हणजे अभ्यासक्रमाचे किंवा पदाचे, नाव सांगता येत नसेल तर पात्रतेचा लाभ नाही, असे समजावे.

दुसरा प्रश्न अंतराचा. दोन विषयांच्या अभ्यासपद्धती एकमेकींहून भिन्न आहेत काय? पद्धती सारख्याच असतील, तर दुय्यम विषय पुरेसा आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा. अधिकचे तास कोठून काढणार? झोप, मिळकत, घरकाम आणि पहिल्या विषयाचा अभ्यास यांपैकी कशात कपात होणार, हे स्पष्ट लिहावे. दोन विषयांत जेमतेम उत्तीर्ण होण्यापेक्षा एका विषयातील उत्तम श्रेणी पुढील प्रवेशात अधिक उपयोगी पडते.

चौथा प्रश्न मुदतीचा. चौथे वर्ष शिकणे घराला परवडेल काय? शिष्यवृत्ती किती वर्षांपर्यंत चालू राहील, याची विचारणा महाविद्यालयाच्या कार्यालयात आधीच करावी. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद नव्या धोरणात आहे. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण नक्की घ्यायचे असेल, तर चौथे वर्ष वाया जात नाही.

पाचवा प्रश्न व्यवस्थेचा. संबंधित विद्यापीठ ‘दुहेरी मुख्य विषय’ अशी नोंद पदवीवर करते काय आणि महाविद्यालयाच्या वेळापत्रकात ती जोडी बसते काय? आराखड्यात एखादी तरतूद असणे आणि जवळच्या महाविद्यालयात ती प्रत्यक्ष उपलब्ध असणे यांत अंतर असते. दोन्ही विषयांच्या तासिका एकाच वेळी येत असतील, तर उपस्थितीची अट पाळणेच अशक्य होईल.

पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर ठामपणे होकारार्थी आणि उरलेल्या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर दुहेरी मुख्य विषय घ्यावा. अन्यथा एक मुख्य विषय सखोल, एक दुय्यम विषय विचारपूर्वक निवडलेला आणि उरलेल्या वेळात प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ही रचना अधिक हिताची आहे. मन निश्चित होत नसेल तर पहिल्या वर्षी दुसरा विषय दुय्यम म्हणून घ्यावा. त्यात रुची आणि गती आढळली तर पुढे वाढविण्याचा मार्ग तपासता येतो. न आढळल्यास पदवीला धक्का लागत नाही.

१०. निष्कर्ष

दुहेरी मुख्य विषय हा पर्याय सर्वांसाठी चांगला किंवा सर्वांसाठी वाईट, असा नाही. त्याचे मूल्य तो कोणते दार उघडतो आणि त्यासाठी कोणाचे किती तास खर्च होतात, यावर ठरते. जुन्या ‘तीन-तीन’ पद्धतीत त्याची किंमत सखोलतेत मोजावी लागे; श्रेयांक पद्धतीत ती वेळेत मोजावी लागते. ज्या घरात विद्यार्थ्याच्या वेळेवर इतर कोणाचा हक्क नसतो, तेथे ही किंमत जाणवत नाही. ज्या घरात संध्याकाळच्या शिकवण्यांच्या पैशांवर महिन्याचे वीजबिल भरले जाते, तेथे ती लगेच जाणवते. दोन्ही घरांतील विद्यार्थ्यांना एकच सल्ला देणे योग्य होणार नाही.

या दृष्टीने महाविद्यालयांवरही जबाबदारी येते. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विषयजोडीसमोर लागणारे श्रेयांक, त्यांचे तास आणि पुढील कोणत्या अभ्यासक्रमांस ती जोडी पात्र ठरते, याचा एक पानी मराठी तक्ता सूचनाफलकावर लावल्यास पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास ऐकीव माहितीवर विसंबावे लागणार नाही. असा तक्ता तयार करण्यास फारसा खर्च येत नाही. देवनारमधील ती दोन दारे येथील मुलांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांपैकी कोणत्या दारासाठी काय लागते, हे त्यांना सतराव्या-अठराव्या वर्षीच कळले, तर पुढील तीन किंवा चार वर्षे ती मुले त्या दिशेने विचारपूर्वक खर्च करू शकतील.